गंगाफळातली म्हातारी आणि पहिला वाढदिवस

या महिन्याच्या टपालात पहिल्या वाढदिवसाबद्दल तीन पत्रं आली. जळगावच्या पत्रातल्या अडचणी बऱ्याच घरांतल्या आहेत, म्हणून त्याला जास्त जागा देते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी एप्रिलच्या अखेरीस, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास एक वर्षाची होईल. तिचा वाढदिवस गोष्टींच्या पुस्तकासारखा करावा अशी माझी फार हौस आहे. एका सजावटवाल्यांना विचारलं. थर्माकोलचा किल्ला, फुग्यांची कमान, परदेशी राजकन्यांची मोठी चित्रं, धुराचं यंत्र आणि अस्वलाच्या पोशाखातला माणूस, असं सगळं हॉलसकट चाळीस हजारांत करून देतो म्हणाले. ह्यांचं म्हणणं, एवढ्याशा पोरीला काय कळणार? सासूबाई अमळनेरच्या, त्यांना अंगणात वरण-बट्टीचं जेवण घालायचंय. माझी आई चोपड्याहून येणार, तिला औक्षण तिथीनेच हवं. घरापुढे लहानसं अंगण आहे, पन्नासेक माणसं होतील. काय करू?
— एक आई, जळगाव

उत्तर : पोरी, तुझी हौस चांगली आहे, ती सोडू नकोस. ह्यांचं म्हणणं मात्र मला निम्मंच पटलं. वर्षाच्या मुलीला किल्ला कळणार नाही, राजकन्याही कळणार नाही. पण तिला टाळी कळते, चाल कळते आणि आजीचा आवाज तर फारच चांगला कळतो. पदराआडून ‘भोक्’ केलं की या वयाचं मूल खिदळतं. तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हटली तरी तितक्याच आनंदाने मान डोलावतं. वाढदिवस या गोष्टींवर बेतलास तर तो तिचाही होईल.

त्यासाठी एकच गोष्ट निवड. हॉलमधल्या सजावटीत दहा गोष्टींचे चेहरे टांगलेले असतात आणि सांगितली एकही जात नाही. माणसं फोटो काढतात, जेवतात, जातात. गोष्टीचा वाढदिवस म्हणायचा तर त्या दिवशी गोष्ट तोंडाने सांगितली गेली पाहिजे, घरातल्या माणसाने आणि सगळ्यांच्या देखत. ती कोण सांगणार हे आधी ठरव. सजावट, जेवण, निमंत्रण मग आपोआप ठरत जातं.

मी तुझ्या जागी असते तर म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेतली असती. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत वाघ नि कोल्हा, आणि परतताना ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’. आपल्याकडे ती कुणाला शिकवावी लागत नाही. तुझ्या घरी तर ती खरीच घडणार आहे! तुझी आई चोपड्याहून लेकीकडे येतेय, तूप-रोटी खायलाच येतेय, आणि दिवस आखाजीचे आहेत, आत्या-मावश्या माहेरी आलेल्या असतील. म्हणून म्हातारी होऊ दे तुझ्या आईला आणि गोष्ट सांगू दे सासूबाईंना. दोन्ही आज्यांना मानाचं काम मिळालं की तिथी आणि बट्टीवरून ओढाताण होत नाही, हे मी बालवाडीच्या कितीतरी कार्यक्रमांत बघितलंय.

सासूबाईंना सांग, गोष्ट आपल्या मुलखातली करा. वाघ सातपुड्यातून उतरू दे, कोल्हा केळीच्या बागेत भेटू दे, आणि परतताना भोपळा तापीच्या पुलावरून गडगडत चोपड्याला जाऊ दे. त्यांच्या बोलीत ‘चाल रे भोपया, टुणूक टुणूक’ असं येईल, ते तसंच राहू दे. जमलेली पोरं दुसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर ओरडायला लागतील. गोष्ट सात-आठ मिनिटांची पुरे, त्याहून लांबवू नका.

आता भोपळा. एप्रिलमध्ये गावातल्या प्रत्येक इलेक्ट्रिकच्या दुकानापुढे कूलरचे रिकामे खोके पडलेले असतात, त्यातला मोठा मागून आण. घरी आणल्यावर सगळ्यात आधी पकडीने त्याच्या पिना काढ. तळाच्या पट्टीत चार-सहा जाड पिना असतात, त्या दिसत नाहीत आणि रांगणाऱ्या पोरांच्या गुडघ्यात शिरतात. पुढून वर्षाचं मूल सहज आत जाईल एवढं गोल दार काप आणि कापलेल्या कडेला जुन्या साडीची पट्टी शिवून किंवा चिकटवून घे, कारण पुठ्ठ्याची कड हात कापते. खोक्यावरून केशरी साडी टाक, वर मधोमध चुण्या गोळा करून सुतळीने बांध, त्या गाठीवर हिरव्या ब्लाउजपिसाचा देठ गुंडाळ. चुण्या खाली उतरतात तशा भोपळ्याच्या फाका दिसायला लागतात, वेगळा रंग लावावा लागत नाही. मागची बाजू पूर्ण उघडी ठेव आणि तिथे तू स्वतः बस. छोटी पुढून डोकावली की तिला पलीकडे आई दिसली पाहिजे, म्हणजे ती न घाबरता आत येते. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा आनंद तिला या ‘भोक्’चा होणार आहे.

जंगल केळीच्या पानांचं कर. जळगाव जिल्ह्यात राहून प्लॅस्टिकच्या वेली विकत आणायचं कारण नाही. हे काम छोटीच्या मामाकडे दे. पण दोन गोष्टी त्याला नीट समजावून सांग. पानं आदल्या संध्याकाळी कापायची आणि रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, नाहीतर आपल्या कोरड्या उन्हात ती दोन-तीन तासांत कडेने करपल्यासारखी होतात. दुसरं, चीक. देठ कापला की त्यातून पाण्यासारखा चीक गळतो. तेव्हा तो दिसतही नाही, वाळला की काळपट डाग पडतो आणि तो डाग आयुष्यभर कपड्यावर राहतो. देठ खाली करून पानं तासभर निथळू दे, मग प्रत्येक टोकाला चिंधी घट्ट बांधायला सांग. दाराशी केळीचे खांब लावलेस तर त्यांच्या बुंध्यालाही गोणपाट गुंडाळ. छोटीला नवा पांढरा फ्रॉक घालणार असशील तर तो औक्षणापुरता, गोष्टीला साधा सुती झबला.

थर्माकोल आणि फुग्यांना मी ठाम नाही म्हणेन. सजावटीच्या थर्माकोलवर आणि फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, महाराष्ट्राने तर २०१८ मध्येच थर्माकोलवर बंदी आणली होती. सजावटवाले तरी विचारतात, कारण आपण घेतो. कायद्याहून मोठी काळजी तुझ्या लेकीची आहे. या वयात हाती येईल ते तोंडात जातं. थर्माकोलचा दाणा, फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा घशात बसला तर श्वास बंद होतो, आणि ओलं रबर बोटाने निघत नाही. चिमुकल्या दिव्यांच्या माळा आणि वाजणाऱ्या मेणबत्त्यांमध्ये गोल बटणासारखे सेल असतात. तो गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. असं काही घरात आणूच नकोस. पाहुण्याने आणलं तर हसून घे आणि कपाटावर ठेवून दे.

अस्वलाच्या पोशाखातला माणूस तर नकोच. वर्षाच्या आसपास मुलं अनोळखी माणसाला आपसूक बिचकतात, त्यात मोठं तोंड, न हलणारे डोळे. मी वाढदिवसाला रडरडून उलटी केलेली पोरं पाहिली आहेत, आणि आई-बाप ‘बघ, अस्वल बघ’ म्हणत त्यांना पुढे ढकलतात. वाघ-कोल्हा काका-मामांपैकीच कुणीतरी व्हावं. मुखवटा न घालता, खांद्यावर पिवळा पंचा टाकून आणि आवाज काढून. चेहरा ओळखीचा राहिला की डरकाळीचीही मजा वाटते.

वेळ सकाळची ठेव, नऊ ते साडेदहा. एप्रिलअखेर आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असतो, दुपारी अंगणात उभं राहवत नाही, आणि संध्याकाळी स्लॅब नि फरशी आठपर्यंत वाफा टाकत असतात. छोटीची झोपेची वेळ कोणती ते तुला माहीत आहे, तिच्या झोपेला कार्यक्रमाच्या मागे ठेवू नकोस. सकाळी अंगणात सडा घालून सतरंज्या टाक, वर ताडपत्रीऐवजी जुनी सुती चादर किंवा हिरवी जाळी बांध, हवा खेळती राहते. कूलर लावावा लागला तर गोष्टीपुरता बंद कर. कूलरच्या घरघरीत सासूबाईंना ओरडून गोष्ट सांगावी लागेल, आणि ओरडून सांगितलेली गोष्ट लहान मुलाला रागावल्यासारखी वाटते.

तिथीचं म्हणशील तर आईचं ऐक, त्यात गुंतागुंत नाही. तिथी तारखेच्या आधी-नंतर येते. त्या दिवशी घरच्यांत औक्षण कर, पाच सवाष्णी, सुपारी, अंगठी, सगळं आईच्या मनासारखं. गोष्टीचा कार्यक्रम जवळच्या रविवारी ठेव. फक्त तिथी आधी आली आणि वर्ष पूर्ण व्हायला दिवस बाकी असले, तर पंचामृतातला मध तिच्या जिभेला लावू देऊ नकोस. वर्षाच्या आत मध द्यायचाच नसतो, त्यातून जंतूंची गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि निरांजनाचं ताट तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर फिरवा, या वयात ज्योत दिसली की मूठ पुढे जाते.

जेवणात सासूबाईंच्या वरण-बट्टीला हात लावू नकोस, उलट तिची शान वाढव. उकडून, कापून, तळलेली बट्टी, वरण, वर तुपाची धार, घोटलेली वांग्याची भाजी, सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी (गोष्ट तिथेही पोचली पाहिजे!), आणि आमरस तर आखाजीला हवाच. प्यायला मठ्ठा आणि कैरीचं पन्हं. छोटीसाठी वेगळी वाटी: उकडून कुस्करलेलं गंगाफळ, चमचाभर तूप, मऊ वरण-भात. ही वाटी एका आजीच्या हाती दे आणि सगळ्यांना गोड शब्दांत सांग की पोरीच्या तोंडात घास याच वाटीतला जाईल. नाहीतर प्रत्येक आत्या पेढ्याचा तुकडा भरवते आणि रात्री पोट धरून रडते ती पोरगी. दोन वर्षांपर्यंत वरून साखर न दिलेली बरी, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. खालच्या चटयांवर शेंगदाणे, फुटाणे, चिवडा ठेवूच नका. आपल्याकडे शेंगदाण्याशिवाय पाहुणचार होत नाही हे मला कळतं, पण पोरं खाली रांगत असतात आणि दाणा थेट श्वासनलिकेत जातो. मोठ्यांना तो टेबलावर द्या.

केक हवाच असेल तर घरी कर. तीन पिकलेली केळी, दीड वाटी कणीक, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी तूप किंवा तेल, पाऊण वाटी किसलेला गूळ, चमचाभर सोडा. भोपळ्यासारखा गोल कर, वर तुळशीचं पान लाव. छोटीला त्यातला नखाएवढा तुकडा चालेल.

निमंत्रण पत्रिकेऐवजी घडी घातलेला कागद, वरती म्हातारीचं चित्र, आत एवढंच: ‘एक होती म्हातारी. ती निघाली लेकीकडे. पुढे काय झालं, ते रविवारी सकाळी नऊला आमच्या अंगणात ऐका.’ मोबाइलवर पाठवायलाही हेच पुरे. शाळेत जाणारी चार पोरं बसवून दे, ती चित्रं काढतील. परतभेट म्हणून आलेल्या मुलांना गंगाफळाच्या धुऊन वाळवलेल्या बिया कागदाच्या पुडीत दे. आत्ता ठेवतील, पावसाळ्यात लावतील. मात्र पुडी आईच्या हातात द्यायची, दोन-तीन वर्षांच्या पोराच्या हातात नाही.

छोटी गोष्टीच्या मधेच रडली किंवा पेंगली तर तिला खुशाल आत घेऊन जा. गोष्ट चालू राहू दे. नंतर ती आजीकडून ऐकेलच.

प्रश्न : भाच्याला पहिल्या वाढदिवसाला पुस्तक द्यायचं आहे. वहिनी म्हणते, देऊ नका, तो चावतो आणि फाडतो. कोणतं पुस्तक द्यावं? आणि लोकांना आहेराऐवजी पुस्तकं आणा असं सांगितलं तर चालेल का?
— एक आत्या, शिरपूर

उत्तर : चावतो म्हणजे त्याने पुस्तक वाचायला घेतलंय. या वयात तोंड हेच ओळख करून घेण्याचं साधन असतं. म्हणून जाड पुठ्ठ्याचं किंवा कापडी पुस्तक घे. एका पानावर एकच मोठं चित्र, कोपरे गोल, आणि मणी, टिकल्या, चकत्या असं चिकटवलेलं काहीही नको. ओल्या पांढऱ्या फडक्याने पान घासून बघ, रंग उतरला तर ते पुस्तक दुकानातच सोड.

पातळ कागदाची पुस्तकं मोठ्यांच्या मांडीवर बसून बघायची असतात. त्यासाठी ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, तुलिका यांची मराठी चित्रपुस्तकं बघ. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचायला आणि उतरवून घ्यायला मिळतात, त्या छापून घेण्याचीही मुभा आहे. शिरपुरात झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छपाई करून, पिना न मारता दोऱ्याने शिवून घेतलंस तर सुंदर भेट होईल.

पण मला विचारशील तर आत्याने हाताने पुस्तक करावं. वह्यांचे जाड पुठ्ठे घे, तळहाताच्या दीडपट आकाराचे सहा तुकडे काप. प्रत्येकावर भाच्याच्या घरातल्या एका माणसाचा किंवा वस्तूचा फोटो लाव: आजोबांची टोपी, दारातली बकरी, आईच्या बांगड्या, त्याची वाटी, कूलर, तू स्वतः. दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक चिकटपट्टी कडेपर्यंत गुंडाळ, म्हणजे लाळेने पुठ्ठा फुगत नाही. एका कडेला जाड कापडाची पट्टी लावून पानं शिव. लोंबती दोरी किंवा रिबीन ठेवू नकोस, ती गळ्याभोवती अडकते. असं पुस्तक दाखवून ‘बकरी कुठंय?’ विचारलं की तो बोट ठेवेल, आणि महिनाभरात पान उलटायच्या आधीच कुठलं चित्र येणार ते ओळखून हसायला लागेल.

आहेराचं थेट पत्रिकेत लिहू नकोस. आपल्याकडे आजी-मामांना भाच्याला वाळे, कडं, कपडे द्यायचे असतात, त्यात त्यांचा जीव असतो. बाकी मित्रमंडळींना फोनवर सांग, दारात एक टोपली ठेव आणि वर चिठ्ठी लाव: ‘पुस्तक आणलं असेल तर पहिल्या पानावर आपलं नाव आणि गाव लिहा.’ नाव-गावाने पुस्तक कुणाचं ते पुढे सांगता येतं. एकाच पुस्तकाच्या चार प्रती आल्या तर गावातल्या अंगणवाडीत दे.

प्रश्न : बाई, हे पत्र माझ्या नातीने लिहिलं आहे. धाकट्या नातवाचा पहिला वाढदिवस आहे. सुनेने गोष्टींचा कार्यक्रम ठेवलाय, पुण्याचे पाहुणे येणार. सून म्हणते, आई, गोष्ट तुम्हीच सांगा. मला वाचता येत नाही आणि माझ्या गोष्टी अहिराणीत आहेत. लोक हसतील का?
— एक आजी, धुळे तालुका

उत्तर : मावशी, तुमच्या सुनेला माझा नमस्कार सांगा, तिने योग्य माणूस निवडलंय. गोष्ट तुमच्या बोलीतच सांगा. नातू वर्षभर त्याच बोलीत झोपलाय. पुण्याच्या पाहुण्यांचं म्हणाल तर वाघाचा आवाज आणि हाताचे हावभाव त्यांनाही कळतात. जिथे अडेल तिथे नात शेजारून एखादं वाक्य सांगेल.

वाचता येत नाही याचा संकोच आपल्या मुलखात तरी नको. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर त्या जे म्हणत ते घरच्यांनी उतरवून घेतलं म्हणून राहिलं, आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. उतरवून घेणारं माणूस तुमच्याही घरात आहे, तिनेच हे पत्र लिहिलंय.

नातीला सांगा, कार्यक्रमाच्या आधी एका दुपारी मोबाइल शेजारी ठेवून तुमची गोष्ट रेकॉर्ड कर, मग तुम्ही बोललात तशीच ती वहीत उतरव. भाषा ‘सुधारू’ नको. दर पानावर दोन ओळी आणि एक चित्र, आठ पानं पुरतील. शेवटच्या पानावर तुमचं नाव, गाव आणि ही गोष्ट तुम्ही कुणाकडून ऐकली ते लिहायचं. वाढदिवसाला ही वही नातवाच्या हाती द्या, फाडली तरी नातीकडे दुसरी प्रत असू दे.

गोष्टीला उंच खुर्चीवर बसू नका. सतरंजीवर पाय लांब करून बसा, नातवाला पायांवर घ्या, पोरांना जवळ ओढा. हातात माइक दिला तर घेऊ नका. त्याची कर्कश शिट्टी झाली की मूल दचकतं, आणि अंगणाला तुमचा आवाज पुरतो. आणि सुनेला सांगा, गोष्ट जेवणाच्या आधी ठेव. जेवणानंतर माणसं पानसुपारीला उठतात आणि नातवाला झोप येते.